एकच गाडी, एकच कारखाना: ब्रिटनमध्ये दरवर्षी परीक्षा, आपल्याकडे थेट 15 व्या वर्षी

2010-11 च्या आसपास शोरूममधून बाहेर पडलेल्या छोट्या गाड्यांची 15 वर्षं आता भरत आली आहेत. अल्टो, वॅगनआर, सँट्रो, आय10, ए-स्टार. यातल्या बऱ्याच गाड्या आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि चौथ्या मालकाच्या शोधात आहेत. फेसबुकवरच्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. ‘डॉक्टरची गाडी’, ‘एक रुपयाचं काम नाही’, ‘घ्या आणि चालवा’. त्यात आता एका नव्या ओळीची भर पडली आहे: ‘फिटनेस पास, पाच वर्षं टेन्शन नाही’.

ही ओळ वाचून लाख-सव्वा लाख मोजणाऱ्या माणसाने एक प्रश्न विचारायला हवा. पास म्हणजे नेमकं काय पास? कोणी तपासलं, काय तपासलं, आणि तपासताना जे दोष सापडले असतील ते मला कुठे वाचायला मिळतील?

याचं उत्तर समजून घ्यायला एका गाडीची गोष्ट फार कामी येते. ती आहे मारुतीची ए-स्टार.

एक गाडी, तीन नावं

ए-स्टार भारतात आली 2008 च्या नोव्हेंबरमध्ये. 998 सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, छोटा आकार, त्याहून छोटी डिकी. हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यात ती बनायची. पण ती फक्त आपल्यासाठी नव्हती. हीच गाडी युरोपात ‘सुझुकी अल्टो’ म्हणून गेली आणि थोड्या बदलांसह ‘निसान पिक्सो’ म्हणूनही विकली गेली. आपल्याकडे 2014 मध्ये सेलेरिओ आली आणि ए-स्टार बंद झाली.

म्हणजे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या. एक पुण्यात विकली गेली, दुसरी ब्रिटनमध्ये.

दोन्ही गाड्या अगदी तंतोतंत सारख्या नव्हत्या. आपल्याकडे एअरबॅग आणि एबीएस ब्रेक वरच्या मॉडेलमध्ये मिळायचे, स्वस्त मॉडेलमध्ये नव्हते. पण इंजिन, सस्पेन्शन, ब्रेकची मूळ रचना, पत्रा यांचं घराणं एकच. तरीही 15 वर्षांनी या दोन गाड्यांबद्दल खरेदीदाराला मिळणारी माहिती यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुण्यातली ए-स्टार या काळात सक्तीच्या तपासणीला एकदाच गेली, किंवा आता जाणार आहे. ब्रिटनमधली अल्टो आत्तापर्यंत डझनभर वेळा तपासून झाली आहे आणि त्या प्रत्येक तपासणीचा निकाल कोणीही मोबाईलवर फुकट वाचू शकतो.

ब्रिटनमध्ये तपासणी कशी होते?

तिथल्या तपासणीला ‘एमओटी’ म्हणतात. हे नाव तिथल्या जुन्या वाहतूक मंत्रालयाच्या आद्याक्षरांवरून पडलं. 1960 मध्ये ती सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी होती आणि ब्रेक, दिवे, स्टीअरिंग एवढंच बघितलं जायचं. पुढे ही मर्यादा सात वर्षांवर आली आणि 1967 पासून तीन वर्षांवर. आज गाडी तीन वर्षांची झाली की पहिली तपासणी आणि त्यानंतर दरवर्षी एक. पहिली तपासणी चौथ्या वर्षी करावी का, यावर तिथल्या सरकारने 2023 मध्ये लोकांची मतं मागवली होती. पण 2024 च्या जानेवारीत आहे तीच पद्धत कायम ठेवली.

ही तपासणी सरकारी कचेरीत होत नाही. परवाना मिळालेल्या खासगी गॅरेजमध्ये होते. कारसाठी जास्तीत जास्त फी 54.85 पौंड. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघतात, चाकं रोलरवर फिरवून ब्रेक मोजतात, हेडलाइटचा झोत कुठे पडतो ते बघतात, धूर तपासतात.

2018 च्या मे महिन्यापासून दोषांचे तीन वर्ग झाले आहेत. ‘धोकादायक’ म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. ‘मोठा दोष’ म्हणजे नापास, दुरुस्त करून या. ‘किरकोळ दोष’ म्हणजे पास, पण लवकर दुरुस्त करा. याशिवाय एक चौथी नोंद असते, ‘सूचना’. टायर अजून चालतोय पण संपत आलाय, पाइपला गंज दिसायला लागलाय, अशा गोष्टी त्यात येतात.

जुनी गाडी घेणाऱ्यासाठी ही चौथी नोंद सोन्यासारखी असते. सलग तीन वर्षं ‘मागच्या ब्रेक पाइपला गंज’ असं लिहून येत असेल, तर मालकाने तीन वर्षं ते वाचून सोडून दिलं हे कळतं. गाडी कशी आहे यापेक्षा मालक कसा आहे हे त्यातून जास्त कळतं.

शिवाय प्रत्येक तपासणीला मीटरवरचे मैल नोंदवले जातात. मागच्या वर्षी 70 हजार मैल आणि यंदा 48 हजार, असं दिसलं की मीटर मागे फिरवलाय हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

गाड्या नापास कशामुळे होतात?

ब्रिटनमध्ये दर दहा गाड्यांपैकी साधारण तीन पहिल्या फेरीत नापास होतात. इंजिन बसलं किंवा गिअरबॉक्स गेला, अशी कारणं तुमच्या डोक्यात आली असतील. पण तसं नाही. सर्वात वरची कारणं फार साधी आहेत: दिवे आणि इंडिकेटर, सस्पेन्शन, ब्रेक, टायर, आणि चालकाला समोरचं नीट दिसण्याशी संबंधित गोष्टी, म्हणजे वायपर, काच, पाण्याचा फवारा.

यातले कितीतरी दोष घरच्या अंगणात दहा मिनिटांत सापडतात. बल्ब गेलाय का, वायपरचं रबर फाटलंय का, टायरची नक्षी संपलीये का. तरीही लोक तसेच जातात आणि नापास होतात.

आता दुसरी बाजू. या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था बघितलीच जात नाही. ही तपासणी गाडी रस्त्यावर कोणाला इजा करेल का एवढंच विचारते. गाडी पुढच्या महिन्यात तुमचा खिसा कापेल का, हा तिचा विषय नाही. क्लच पूर्ण झिजलेली गाडी आरामात पास होते.

मॉडेलवार निकाल वाचताना कुठे फसायला होतं?

ब्रिटनमध्ये या तपासण्यांचा सगळा डेटा, मालकाची ओळख वगळून, खुला केला जातो. त्यामुळे कोणतं मॉडेल किती टक्के पास होतं याचे तक्ते तिथे निघतात. जर्मनीत ‘ट्यूफ’ संस्थेचा असाच वार्षिक अहवाल असतो. सोशल मीडियावर हे तक्ते फिरतात आणि त्यावरून ‘ही गाडी भंगार’, ‘ती गाडी दणकट’ असे निकाल लावले जातात. तिथे तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, छोटी स्वस्त गाडी जास्त वेळा नापास होते, यात दोष नेहमी गाडीचा नसतो. स्वस्त गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जाते. त्या मालकाचं सर्व्हिसिंगचं बजेट कमी असतं. महागडी गाडी तपासणीच्या आधी शोरूममध्ये जाऊन येते, मग पास होणारच.

दुसरी, नापास म्हणजे नापास. एका गाडीचा मागचा दिवा गेला आणि दुसरीचा ब्रेकच लागत नाही, तरी टक्केवारीत दोघींचं वजन सारखंच.

तिसरी, वय आणि किलोमीटर सारखे नसतील तर तुलना करण्यात अर्थ नाही. पाच वर्षांची गाडी आणि बारा वर्षांची गाडी एका तक्त्यात बसवली की निकाल आधीच ठरलेला असतो.

म्हणून मॉडेलच्या टक्केवारीपेक्षा समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीचा इतिहास महत्त्वाचा. आणि आपली अडचण नेमकी इथेच आहे.

आपल्याकडे 15 वर्षं काय होतं?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 41 नुसार खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांसाठी वैध असते. पिवळ्या पाटीच्या गाडीला, म्हणजे टॅक्सी, टेम्पो, बस यांना ठरावीक काळाने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. पांढऱ्या पाटीच्या घरच्या गाडीला मात्र 15 वर्षं असं काहीच नाही.

‘पण पीयूसी असतं ना?’ असतं. मात्र पीयूसी फक्त धूर बघतं. ब्रेक, स्टीअरिंग, टायर, दिवे यांच्याशी त्याचा संबंध नाही. ब्रेक न लागणारी गाडी पीयूसी मिळवू शकते.

‘विमा काढताना गाडी बघतात ना?’ विमा मध्येच बंद पडला असेल तर बघतात, पण ते ठोकर, चरे, काच यासाठी. गाडीखाली वाकून बॉल जॉइंट कोणी हलवून पाहत नाही.

शेजारच्या देशांकडे न बघता थेट सुझुकीच्या माहेरी जाऊ. जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची तपासणी आहे. नवी खासगी कार तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तिला सामोरी जाते. म्हणजे त्याच घराण्याची गाडी टोकियोत 15 वर्षांत सात वेळा तपासली जाते आणि साताऱ्यात एकदा.

15 व्या वर्षी नेमकं काय करावं लागतं?

आधी एक गैरसमज दूर करू. महाराष्ट्रात 15 वर्षं पूर्ण झाली म्हणून खासगी गाडी भंगारात द्यावी लागत नाही. हा गोंधळ दिल्लीमुळे झाला आहे. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो उचलून धरला. त्यावरची न्यायालयीन लढाई 2025 मध्येही चालू होती. तो आदेश त्या परिसरापुरता आहे. 2021 मध्ये आलेलं देशाचं भंगार धोरण खासगी मालकासाठी ऐच्छिक आहे.

मात्र नोंदणीचं नूतनीकरण ऐच्छिक नाही. मुदत संपण्याच्या आधीच्या 60 दिवसांत फॉर्म 25 भरून अर्ज करता येतो. गाडी तपासणीला न्यावी लागते. विमा आणि पीयूसी चालू हवं, दंड भरलेले हवेत. आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते. हे सगळं झालं की नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते.

1 एप्रिल 2022 पासून कारच्या नूतनीकरणाची फी 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाली. 2025 च्या ऑगस्टमध्ये 20 वर्षांवरच्या कारसाठी ती 10,000 करण्यात आली. या दरांत बदल होत आले आहेत, त्यामुळे अर्ज करण्याआधी परिवहन पोर्टलवर त्या दिवशीचा आकडा बघून घ्या. मुदत उलटून गेली तर कारला नियमाप्रमाणे दर महिन्याला 500 रुपये जास्तीचे. नोंदणी संपून 14 महिने झालेली गाडी तुम्ही घेतली, तर विलंबाचेच 7,000 रुपये होतात.

फीपेक्षा मोठा धोका दुसरा आहे. वैध नोंदणी नसताना गाडी वापरणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मधल्या एका निकालात म्हटलं आहे. त्या प्रकरणात गाडी चोरीला गेली होती, विम्याचा हप्ता भरलेला होता, तरी कंपनीला पैसे द्यावे लागले नाहीत, कारण तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली होती. ‘आरसी संपलीये, पण विमा चालू आहे’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हे आठवण करून द्या.

तपासणीत काय बघतात?

आतापर्यंत ही तपासणी बहुतेक ठिकाणी मोटार वाहन निरीक्षक गाडी बघून आणि चालवून करत आले. निरीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी काही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. उदाहरणार्थ, डाव्या चाकाचा ब्रेक उजव्यापेक्षा किती कमी लागतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी ज्या बाजूला ओढली जाते ती याच फरकामुळे. हा फरक रोलरवरच मोजता येतो.

म्हणूनच केंद्र सरकारने 2021 च्या सप्टेंबरमध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम काढले. या केंद्रांत ब्रेक, सस्पेन्शन, चाकांची बाजूला सरक, हेडलाइट, धूर, आवाज, स्टीअरिंगच्या जोडांमधली ढिलाई हे यंत्रावर मोजलं जातं आणि आकडे थेट संगणकात जातात. माणसाला मध्ये हात घालायला वाव कमी. नापास झालेल्या गाडीला दुरुस्ती करून पुन्हा तपासणीची संधी मिळते. पहिल्या फेरीत नापास म्हणजे लगेच भंगार, असं नाही.

हे चांगलं पाऊल आहे. पण खरेदीदाराच्या दृष्टीने एक मोठी पोकळी उरतेच. आज तुम्ही एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर नोंदणीची तारीख, इंधन, फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, पीयूसी, कर्जाचा बोजा अशी माहिती मिळते. तपासणीत कोणते दोष सापडले, कोणते मोजमाप काठावर पास झालं, त्या दिवशी मीटर किती होता, यातलं काही दिसत नाही. तुम्हाला दिसते ती फक्त एक तारीख.

त्या तारखेचा अर्थ इतकाच: एका विशिष्ट दिवशी ही गाडी उत्तीर्ण झाली. दुसऱ्या दिवशी उसने आणलेले टायर काढून जुने परत बसवले का, हे ती तारीख सांगत नाही. आणि दुसरा दिवस म्हणजे पुढची पाच वर्षं.

मग गाडी घेताना आपली तपासणी आपणच कशी करायची?

ब्रिटनमध्ये नापास होण्याची जी कारणं वर पाहिली, तीच यादी हातात घेऊन गाडीभोवती फिरा. आपले रस्ते आणि आपलं हवामान लक्षात घेऊन त्यात थोडी भर घालायची.

सस्पेन्शन आणि स्टीअरिंग: आपल्या खड्ड्यांचा आणि स्पीडब्रेकरचा सगळा मार इथे बसतो. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, शॉकॲब्जॉर्बर. खराब रस्त्यावर हळू चालवा, रेडिओ बंद ठेवा. समोरून ‘खडखड’ येत असेल तर काम आहे. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना ‘टकटक’ आली तर ॲक्सलचा जॉइंट बघायला सांगा. बहुतेक वेळा त्याचं रबरी बूट फाटलेलं असतं आणि आत धूळ गेलेली असते. बूट स्वस्त असतं, जॉइंट महाग.

ब्रेक: या वर्गातल्या गाड्यांत मागे ड्रम ब्रेक असतात. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळतंय. मोकळ्या रस्त्यावर ताशी 40 च्या वेगाने ब्रेक दाबा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. चढावर हँडब्रेकवर गाडी उभी राहते का बघा. एबीएस सर्व नव्या गाड्यांना 2019 पासून सक्तीचा झाला, त्यामुळे 2011 च्या स्वस्त मॉडेलमध्ये तो नसणार. अशा गाडीत ब्रेक आणि टायर निरोगी असणं दुप्पट महत्त्वाचं.

टायर: आपल्या नियमांत आणि ब्रिटनच्या नियमांतही कारच्या टायरला किमान 1.6 मिलिमीटर नक्षी लागते. टायरच्या खाचांत उंचवट्याच्या खुणा असतात, नक्षी झिजून तिथे टेकली की टायर संपला. नक्षी असूनही टायर म्हातारा असू शकतो. कडेला चार आकडे असतात: ‘2317’ म्हणजे 2017 सालचा 23 वा आठवडा. एकाच कडेने झिजलेला टायर म्हणजे अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनची तक्रार.

दिवे आणि काच: हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर बल्ब नवा घालूनही उजेड पडत नाही. ब्रेक लाइट, रिव्हर्स लाइट, चारही इंडिकेटर एकाला मागे उभं करून तपासा.

गंज: ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिथे गंज हा मोठा विषय. आपल्याकडे ते काम कोकणची आणि मुंबईची खारी हवा फुकटात करते. गंज कुठे आहे हे महत्त्वाचं. दाराच्या कडेला फोड आला असेल तर तो दिसायला वाईट. सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे बसवलेला असतो तिथला पत्रा सडला असेल तर जिवाशी गाठ. एमओटीमध्ये अशा जागांच्या 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. पायाखालची मॅट उचला, डिकीतलं स्टेपनी काढा, गाडी लिफ्टवर घ्या. खालून ताजा काळा कोट मारलेला दिसला तर तो का मारलाय हे विचारा.

पुराचं पाणी: 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि 2021 मध्ये चिपळूणला असंख्य गाड्या पाण्यात होत्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग असेल तर तो धुऊन जात नाही. सीटखालचे नट-बोल्ट गंजलेत का, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का, ते बघा.

सीएनजी: किट आरसीवर चढवलेलं हवं. सिलिंडरची दाब चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याची तारीख मागा.

परत बोलावलेल्या गाड्या: कंपनी कधीकधी बिघाड ओळखून गाड्या परत मागवते आणि फुकट दुरुस्त करते. ए-स्टारच्याच बाबतीत 2010 च्या फेब्रुवारीत सुमारे एक लाख गाड्या इंधन पंपाच्या गॅस्केटसाठी परत मागवल्या होत्या, कारण पेट्रोल गळण्याची शक्यता होती. वॅगनआरच्या 1 लिटर मॉडेलमध्ये 2019 मध्ये इंधनाच्या नळीसाठी आणि 2020 मध्ये इंधन पंपासाठी अशी मोहीम झाली. गाडीचा चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येतं, की काम झालंय का.

इंजिन, क्लच, गिअर: हे कोणत्याच फिटनेस तपासणीत नीट येत नाही, म्हणून इथे ओळखीचा मेकॅनिक लागतोच. विक्रेत्याला सांगून ठेवा की इंजिन आधी गरम करू नका. थंड इंजिन चालू करतानाच धूर आणि आवाज खरं बोलतात.

सौद्याचा हिशोब कसा मांडायचा?

समजा 2011 ची एक ए-स्टार 1 लाख 10 हजारांना मिळतेय आणि नोंदणी संपायला चार महिने आहेत. या किमतीत नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर, नंबरप्लेट, नवा विमा, नाव बदलाचा खर्च धरा. मग तपासणीत पास व्हायला लागणारी कामं धरा: टायर, ब्रेक, सस्पेन्शन, दिवे. हा आकडा कागदावर आल्यावर विक्रेत्याशी बोला. सरळ पर्याय म्हणजे ‘नूतनीकरण तुम्ही करून द्या, मग मी घेतो’. विक्रेता याला तयार नसेल तर त्याच्या ‘एक रुपयाचं काम नाही’चा अर्थ तुम्हाला कळला.

नूतनीकरण झालेली गाडी असेल तर तपासणीच्या आसपासची गॅरेजची बिलं मागा. आपल्याकडे सार्वजनिक इतिहास नाही, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी, जुनी पीयूसी, जुन्या विमा पॉलिसी यातून बराच इतिहास जुळवता येतो. बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात. तीन बिलं तारखेप्रमाणे मांडली की मीटरचा खरेपणा तिथल्या तिथे कळतो.

आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर भंगाराचा पर्यायही तोलून बघा. नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रस्ता करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमांत खासगी गाडीसाठी ही सवलत 25 टक्क्यांपर्यंत ठेवण्याची मुभा आहे, प्रत्यक्ष आकडा राज्य ठरवतं.

खरा मुद्दा काय आहे?

दरवर्षी प्रत्येक गाडीची तपासणी उद्यापासून सुरू करा, असं म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे तेवढी केंद्रं नाहीत, आणि केंद्रांशिवाय सक्ती आली तर एजंटांची दुकानं तेवढी वाढतील. कमी पैशात घर चालवून जुनी गाडी वापरणाऱ्यावर त्याचा बोजा पडेल, हेही खरं.

पण एक गोष्ट आजच्या यंत्रणेत करता येण्यासारखी आहे. स्वयंचलित केंद्रांत प्रत्येक मोजमाप आधीच संगणकात जातं. ते मोजमाप, सापडलेले दोष आणि त्या दिवसाचे किलोमीटर गाडीच्या नंबरवर सर्वांना दिसू द्या. मालकाचं नाव दाखवायची गरज नाही. यासाठी नवा कायदा, नवी इमारत, नवं यंत्र यातलं फारसं काही लागत नाही. दुसरी पायरी म्हणजे गाडी विकताना, नाव बदलाच्या वेळी एक तपासणी. कारण धोका तेव्हाच एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि घेणाऱ्याला त्याची कल्पना नसते.

हा प्रश्न फक्त घेणाऱ्याच्या खिशाचा नाही. ज्या गाडीचा एका बाजूचा ब्रेक लागत नाही, तिच्यासमोर झेब्रा क्रॉसिंगवर उभ्या माणसाने ती गाडी विकत घेतलेली नसते. ब्रिटनने 1960 मध्ये तपासणी ब्रेक, दिवे आणि स्टीअरिंगपासून सुरू केली, ती याच माणसासाठी.

तोपर्यंत जाहिरातीत ‘फिटनेस पास’ दिसलं की एवढंच विचारा: ‘कधी झाली, कुठे झाली, आणि पास व्हायच्या आधी काय काय बदललं?’ तिन्ही उत्तरं बिलासकट देणारा विक्रेता भेटला, तर गाडी बघायला जरूर जा. जाताना मेकॅनिकला सोबत न्या, आणि गाडी लिफ्टवर चढेपर्यंत टोकन देऊ नका.